पंधरा हजारांत दुर्बीण: ५२५ पटींच्या नादी लागू का?

«सप्रेम नमस्कार. मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, वय त्रेचाळीस. दिवाळीआधी माझी भिशी लागतेय, पंधरा हजारांची. या वेळी ते पैसे घरखर्चात न घालता दुर्बीण घ्यायची असं ठरवलंय. घरात सगळ्यांना वाटतंय की आठवीतल्या मुलासाठी घेतेय. खरं म्हणजे मलाच हवी आहे. शाळेत असल्यापासून शनीची कडी बघायची राहिली आहेत.

ऑनलाइन एक पाहून ठेवली आहे, ७६/७०० ची. ५२५ पट मोठं दाखवते म्हणतात. स्टँडला वजन, चक्र्या वगैरे आहेत, सिनेमातल्या शास्त्रज्ञाच्या घरी असते तशी दिसते. फोर्टमधला दुकानदार मात्र म्हणाला, ७०/७०० ची साधी घ्या. ती किरकोळ वाटते आणि किंमत जवळपास तेवढीच. आमची खिडकी पूर्वेला, खाडीच्या बाजूला आहे, पण ग्रिल आहे. गच्चीची चावी सेक्रेटरींकडे असते. मिस्टर म्हणतात, मुंबईत तारे दिसतात तरी का, महिन्याभरात माळ्यावर जाईल. आणि मला चष्मा आहे, लांबचा होताच, आता जवळचाही. काय करू?
एक वाचक, विक्रोळी»

ताई,

दुकानदाराचं ऐका. ७०/७०० घ्या. फोर्टमधल्या त्या माणसाने चक्क गिऱ्हाइकाच्या फायद्याचं सांगितलंय, त्याची कदर करायला हवी.

का ते सांगतो. दुर्बिणीच्या नावातला पहिला आकडा म्हणजे तिच्या तोंडाचा व्यास, पुढच्या भिंगाची किंवा आतल्या आरशाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे नाभीय अंतर, आत आलेला प्रकाश किती अंतरावर एकवटतो ते. किती पट मोठं दिसणार, हे मागे डोळ्याशी कोणता आयपीस लावता त्यावर ठरतं: दुसऱ्या आकड्याला आयपीसवरच्या आकड्याने भागायचं. आयपीस बदलला की पट बदलली. पट वाढवणं हे दुर्बिणीतलं सगळ्यात स्वस्त काम आहे, म्हणून ती खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापतात.

जाहिरातीतले ५२५ कुठून आले ते घरच्या घरी काढता येईल. त्या खोक्यात ४ मिलिमीटरचा आयपीस असतो. ७०० भागिले ४, झाले १७५. सोबत तिप्पट करणारी बार्लो नावाची लेन्स देतात. १७५ गुणिले ३, ५२५. गणितात खोट नाही. खोट पुढे आहे. दुर्बिणीत येणारा प्रकाश तेवढाच राहतो. पट दुप्पट केली की तोच प्रकाश चौपट जागेत पसरतो आणि चित्र तेवढं फिकं होतं. तपशील तर तोंडाच्या व्यासावर ठरून गेलेला असतो, तो ताणून वाढत नाही. जाणकारांचा ढोबळ हिशोब असा की व्यासाच्या मिलिमीटरच्या दुपटीपर्यंत पट न्यावी, त्यापुढे नाही. ७६ च्या दुर्बिणीला १५० म्हणजे कमाल. तेही हवा स्थिर असेल तर. ५२५ ला शनी सापडला तरी तो फिकट, थरथरता डाग असेल. सापडणारही नाही, कारण त्या पटीला आकाशाचा इतका बारीक तुकडा दिसतो की शनी सेकंदांत निघून जातो. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले, ते वीसेक पटींच्या दुर्बिणीतून.

आता तो शास्त्रज्ञी स्टँड. मला राग येतो तो या स्टँडचा, दुर्बिणीचा नाही. त्याला इक्वेटोरियल माउंट म्हणतात. सगळे तारे ध्रुवाभोवती फिरताना दिसतात, तेव्हा दुर्बीणही त्याच चालीने एकाच चक्रीवर फिरवता यावी, ही त्यामागची युक्ती. युक्ती उत्तम आहे. पण त्यासाठी स्टँडचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो. मुंबईचा अक्षांश १९ अंश. म्हणजे ध्रुव इथे क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर, तुमच्याकडून कांजूर-भांडुपच्या टॉवरांच्या आसपास, धुरकटीत. तो शोधणार कुठून? सापडला तरी अक्ष इतका आडवा करावा लागतो की वजनाची दांडी ट्रायपॉडच्या पायांना अडायला लागते. हे स्टँड लंडन-पॅरिसच्या अक्षांशाला सोयीचे. वर स्वस्तातले असल्यामुळे पाय इतके किडकिडीत की फोकसच्या चक्रीला बोट लावलं की चित्र नाचायला लागतं. माळ्यावर गेलेल्या दुर्बिणी मी बऱ्याच पाहिल्यात. त्यातल्या बहुतेकींची भिंगं ठीक असतात, पायांनी त्यांचा घात केलेला असतो.

७०/७०० चा स्टँड साधा, वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे, बस. त्याला अल्ट-अ‍ॅझिमथ म्हणतात, पण नाव विसरलात तरी चालेल. हात आपोआप शिकतो. ७६ मिलिमीटर ७० पेक्षा जास्त, हे कागदावर खरं. पण ७६ ची आरशाची आहे, ७० ची भिंगाची. आरशाच्या दुर्बिणीत मध्ये एक छोटा आरसा वाट अडवून बसलेला असतो, शिवाय आरसे थोडा प्रकाश खातात, त्यामुळे प्रत्यक्षात फरक उरत नाही. आरसे हलले की जुळवत बसावं लागतं. भिंगाच्या दुर्बिणीत ती कटकट नाही, आणि नळी पुढून बंद असल्यामुळे मुंबईची धूळ-दमट हवा आत कमी शिरते. दोष हिलाही आहे. चंद्राच्या कडेला, गुरूभोवती थोडी जांभळी छटा दिसेल. या किमतीच्या भिंगात ती असतेच, डोळा दोन दिवसांत तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

दुकानात जाल तेव्हा दुर्बीण लांबच्या एखाद्या पाटीवर लावा, नळीला टिचकी मारा आणि चित्र स्थिरावायला किती वेळ लागतो ते बघा. दोन-तीन सेकंदांत शांत झालं तर घ्या. थरथरतच राहिलं तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा. घरी आणल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण आत सरकवून ठेवायचे, स्वतः प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं आणि मधल्या थाळीखाली पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांची पिशवी टांगायची. एवढ्याने हजार-दोन हजारांचा स्टँड बराच शहाणा होतो. आयपीस सव्वा इंचाचा आहे ना हे विचारा, म्हणजे पुढे दुसरा कुठलाही बसेल. एसआर ४ लिहिलेला, म्हणजे ४ मिलिमीटरचा, आयपीस सोबत आलाच तर खोक्यातच राहू द्या.

बोरा बाजारच्या कॅमेऱ्यांच्या गल्लीत हे सगळं हाताळून घेता येतं. ऑनलाइन थोडं स्वस्त पडेल, पण टिचकी मारता येणार नाही. चोर बाजारातली पितळी दुर्बीण कितीही मोहक वाटली तरी ती शोकेसची. जुनी चांगली दुर्बीण मिळत असेल तर नक्की बघा, फक्त भिंगातून मोबाइलचा टॉर्च मारून पाहायचा: आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, नमस्कार करून निघायचं.

किमती सेल आणि डॉलर बघून वर-खाली होतात, पण ७० ची बरी दुर्बीण पंधरा हजारांत बसते आणि हाताशी काही उरतंही. ते उरलेले लगेच उडवू नका. सोबत येणाऱ्या आयपीसांवर, बहुधा २५ किंवा २० आणि १० मिलिमीटरच्या, एक हिवाळा काढा. ७०० भागिले १० म्हणजे ७० पट. शनीच्या कड्यांना एवढी पुरते. नंतर वाटलं तर ६ मिलिमीटरच्या जवळपासचा एक चांगला आयपीस घ्या. बार्लो नको. मोबाइल अडकवायचा क्लॅम्प घ्यायला हरकत नाही, चंद्राचे फोटो छान येतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माहेरची मंडळी खूश होतात.

बजेट पंचवीस-तीस हजारांचं असतं तर मी १३० मिलिमीटरची, टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन म्हटलं असतं. डॉब्सोनियन म्हणजे आरशाची दुर्बीण, लाकडी पेटीवर तोफेसारखी बसवलेली. ती लोकांपर्यंत नेणारे जॉन डॉब्सन अमेरिकेत वेदान्त सोसायटीच्या सॅन फ्रान्सिस्को मठात संन्यासी होते, रामकृष्ण परंपरेतले. जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून आरसे करायचे. त्या नादापायी १९६७ मध्ये मठ सोडावा लागला, मग फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायला लागले, या, शनी बघा. महागडे स्टँड त्यांना परवडणारे नव्हते, म्हणून पुठ्ठा-प्लायवूडचा स्टँड केला आणि तोच जगभर गेला. पण तुमच्या पैशात त्या जातीची मिळते ती अगदी छोटी, ७६/३०० ची. चंद्राला ठीक. शनीसाठी जी पट लागते तिथे तिचा आरसा मऊ चित्र देतो. तुम्हाला शनी हवाय, म्हणून ती नको.

आता मिस्टरांचा प्रश्न, मुंबईत काय दिसतं. त्यांचं अर्धं बरोबर आहे. रात्रीच्या नारिंगी-पांढऱ्या उजेडात आकाशगंगा नाही, तेजोमेघ बहुतेक नाहीत, देवयानी दीर्घिका म्हणजे असून नसल्यासारखा ठिपका. ७० च्या दुर्बिणीने यात फरक पडत नाही, ७० हजारांच्या दुर्बिणीनेही फारसा पडत नाही. खोक्यावरचे रंगीत फोटो तर कुठल्याच दुर्बिणीतून डोळ्याला दिसत नाहीत. ते कॅमेऱ्याने तासन् तास प्रकाश साठवून काढलेले असतात. पण चंद्र, गुरू, शनी, शुक्र, मंगळ आणि जोडतारे यांना रस्त्यावरच्या दिव्यांनी काहीही होत नाही. ते स्वतःच इतके तेजस्वी आहेत की शहर त्यांचं काही बिघडवू शकत नाही. उलट जानेवारीतल्या धुरकट रात्री, जेव्हा तारे दिसत नाहीत म्हणून लोक हळहळतात, तेव्हा हवा बऱ्याचदा स्थिर असते आणि ग्रह कोरीव दिसतात. म्हणून मुंबईत पहिली दुर्बीण ग्रह-चंद्रासाठी घ्यायची, बाकीचं गावाला गेल्यावर.

शनीबद्दल मात्र आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्या रात्री हिरमोड होईल. ७० पटीला कड्यांसकट शनी नुसत्या डोळ्याच्या चंद्रापेक्षा दीडपटीहून मोठा असतो, पण काळ्या भल्यामोठ्या वर्तुळात एकटा असल्यामुळे तो बारीकच भासतो. हात लांब करून चिमटीत काबुली चणा धरलात तर तो जेवढा दिसेल तेवढा. आणि त्या चण्याभोवती स्वच्छ, वेगळं कडं. लोक बघतात आणि पहिलं वाक्य बोलतात ते हेच, की पुढे स्टिकर लावलाय का. कडी २०२५ साली आपल्याकडे अगदी कडेने वळली होती, म्हणून तेव्हा रेघेसारखी झाली. तिथून ती हळूहळू उघडताहेत आणि २०३२ च्या सुमारास सर्वाधिक उघडलेली दिसतील. म्हणजे दुर्बीण घ्यायला वेळ चांगली निवडलीत, दर वर्षी शनी जास्त देखणा होत जाणार.

तुमच्या पूर्वेच्या खिडकीला हे फार सोयीचं आहे. शनी-गुरूसारखा ग्रह पृथ्वीपासून सर्वांत जवळ असतो तेव्हा तो सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो, म्हणजे तुमच्याच खिडकीत. शनीच्या बाबतीत ही वेळ २०२६ मध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि २०२७ मध्ये ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येते, पाऊस सरल्यावर, नवरात्र-दिवाळीच्या आसपास. गुरूची २०२७ च्या फेब्रुवारीत. गुरूवर दोन गडद पट्टे दिसतील आणि बाजूला एका ओळीत चार चंद्र. त्यातला आयओ पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फेरी पुरी करतो, त्यामुळे संध्याकाळी काढलेलं चित्र आणि रात्री झोपताना काढलेलं चित्र वेगळं येतं. मुलाला वही-पेन्सिल द्या आणि हे काम त्याच्याकडे सोपवा. दुर्बीण त्याच्यासाठी घेतली हा घरचा समजही तेवढ्याने टिकेल.

कोणता ग्रह कुठे हे शोधायला स्टेलेरियमसारखं मोफत अ‍ॅप आहेच. पण भिंतीवरचं पंचांगही विसरू नका. आपलं पंचांग निरयन, म्हणजे राशी ताऱ्यांवरून मोजणारं, त्यामुळे त्यातली ग्रहाची रास आकाशातल्या ताऱ्यांशी बऱ्यापैकी जुळते. शनी मीनेत लिहिलं असेल तर तो खरोखर मीनेच्या ताऱ्यांपाशी असतो. इंग्रजी मासिकांतल्या राशी आता जवळजवळ एक घर सरकल्या आहेत, त्यांच्या भरवशावर शोधू नका. भविष्याचं काय ते तुम्ही आणि तुमच्या सासूबाई बघा, मी फक्त पत्ता म्हणून वापरतो.

चंद्राची तर तारीखही कॅलेंडरवर छापलेली असते. नवशिके पौर्णिमेला दुर्बीण काढतात, आणि ती सगळ्यात वाईट रात्र. ऊन सरळ पडलेलं असतं, सावल्याच नसतात, चंद्र नुसता पांढरा भगभगीत. शुक्ल पंचमी ते नवमी या संध्याकाळी बघा. उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवर डोंगरांच्या सावल्या लांब पडतात, आणि आठ-दहा किलोमीटर रुंदीची विवरंसुद्धा तुमच्या दुर्बिणीत उठून दिसतात. नवमीच्या आसपास त्या रेषेजवळ कोपर्निकस शोधा, ९० किलोमीटरहून थोडं जास्त रुंद आहे, आत पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंती आणि मधोमध टेकड्या. मात्र या तिथींना संध्याकाळी चंद्र डोक्यावर किंवा पश्चिमेला असतो, तो तुमच्या खिडकीत येत नाही. गच्ची लागणार.

खिडकीतून पाहायचं तर काच पूर्ण सरकवा, काचेतून कधीही नाही. ग्रिलमधून ७० ची नळी बहुधा दोन गजांमध्ये निघेल, थोडी अडली तर चित्र फक्त जरा फिकं होतं. खोलीतला दिवा बंद. खालच्या मजल्यावर एसीचं बाहेरचं यंत्र असेल तर ते चालू असताना गरम हवा वर येऊन ग्रह पाण्यात असल्यासारखा हलतो, त्या वेळी चहा प्या. खिडकीतून दुर्बीण बाहेर काढणारा माणूस शेजाऱ्यांना संशयित वाटतो हेही लक्षात असू द्या. तुमच्यासमोर खाडी आहे म्हणून सुटलात, नाहीतर समोरच्या इमारतीला आधीच सांगून ठेवा असं म्हटलं असतं.

गच्चीच्या चावीसाठी माझा सल्ला: अर्ज करू नका, संकष्टीची वाट पाहा. संकष्टीला चंद्रोदयासाठी कोणी ना कोणी गच्ची उघडायला लावतंच. वेळ कालनिर्णयमध्ये असते, साधारण नऊ-साडेनऊ. त्या दिवशीचा चंद्र पौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झालेला, म्हणजे एका कडेने अंधार शिरायला लागलेला. त्या कडेला मस्त सावल्या असतात. दुर्बीण घेऊन जा आणि पहिला नंबर सेक्रेटरींच्या मिसेसना द्या. पुढच्या वेळी चावी मागायला लागणार नाही. कोजागिरीला तर अख्खी सोसायटी वर असते, पण तो चंद्र पौर्णिमेचा, म्हणून त्या रात्री दूध पिऊन झाल्यावर नळी शनीकडे वळवा. (गणेश चतुर्थीचा चंद्र पाहू नये म्हणतात; त्या दिवसांत मुंबईचे ढगच ती काळजी घेतात.)

तारे दिसतच नाहीत असंही समजू नका. नोव्हेंबरात संध्याकाळी कृत्तिका तुमच्याच खिडकीत उगवतात. डोळ्याला पुसट झुपका, २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये निळसर तारेच तारे. डिसेंबर-जानेवारीत मृग नक्षत्र येतं. त्याच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला एक धुरकट ठिपका आहे, तो मृगातला तेजोमेघ, मुंबईतूनही दिसणारा जवळपास एकटाच. उन्हाळ्यात सप्तर्षी वर आले की वसिष्ठ-अरुंधती बघा. लग्नात भटजी दाखवतात ती जोडी नुसत्या डोळ्यांची. दुर्बिणीत कळतं की वसिष्ठ स्वतःच दोन आहेत, एकमेकांना खेटून.

एक करा. पैसे देण्याआधी एकदा दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून बघून या. खगोल मंडळ हिवाळ्यात वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतं. वांगणी म्हणजे कर्जत लाइनवर बदलापूरच्या पुढचं स्टेशन, तुम्ही ठाण्याला गाडी बदलायची. कल्याणला आकाश मित्र मंडळ आहे. वरळीच्या नेहरू तारांगणात, १९७७ पासूनचं ते, तुम्ही शाळेच्या सहलीला गेला असालच. वांगणीला वेगवेगळ्या आकाराच्या दुर्बिणींतून एकच शनी बघायला मिळतो, आणि मग ७० ची आपली दुर्बीण काय देईल, काय देणार नाही, हे माझ्या पत्रापेक्षा तिथे लवकर कळेल. मुलालाही न्या, मिस्टरांनाही. पहाटे दोन वाजता उघड्यावर चहा मिळाला की माणसाचं मत मवाळ होतं.

माळ्याची भीती मला जूनमध्ये वाटते, महिन्याभरात नाही. पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण बंद राहते आणि मुंबईच्या दमटपणात भिंगाला बुरशी धरते. कपाटात कापडात गुंडाळून ठेवलीत तर हमखास. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आणा, त्यात आयपीस आणि जमल्यास नळीही, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओल पिऊन झाली असं समजायचं आणि मंद आचेवर परत वाळवायचे, स्वयंपाकाच्या तव्यावर मात्र नाही, एखादं टाकाऊ भांडं वेगळं ठेवा. भिंगावर धूळ बसली तर फुग्याने हवा मारायची. पदराने पुसायचं नाही, कितीही मऊ असला तरी.

चष्म्याचं सोपं आहे. लांबचा किंवा जवळचा नुसता नंबर असेल तर चष्मा काढून बघा, फोकसची चक्री तो नंबर भरून काढते. मुलगा आला की तो पुन्हा फिरवेल, तुम्ही पुन्हा फिरवाल, भांडू नका. तिरका नंबर, म्हणजे सिलिंडर, जास्त असेल तर तो चक्रीने जात नाही. मग चष्मा लावूनच बघा, आणि पुढे आयपीस घ्याल तेव्हा डोळा थोडा लांब ठेवता येईल असा मागा. दहाच्या आतले साधे आयपीस डोळा अगदी टेकवायला लावतात, त्यात चष्म्याला ओरखडे पडतात.

आणि सूर्य. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही बघायचं नाही, नजर कायमची जाते, दुखतसुद्धा नाही. काही खोक्यांत आयपीसला लावायची गडद काच येते, तिच्यावर सन असं लिहिलेलं असतं. ती उष्णतेने तडकते. घरी आल्या आल्या हातोडीने फोडून कचऱ्यात टाका, ठेवून देऊ नका, मुलं शोधून काढतात. २ ऑगस्ट २०२७ ला मुंबईतून खंडग्रास सूर्यग्रहण आहे, ढगांनी कृपा केली तर. तेव्हा तारांगणात जा किंवा एखाद्या मंडळाबरोबर बघा.

खोकं आल्यावर पहिलं काम रात्रीचं नाही. नळीवर एक छोटा फाइंडर असतो, लाल ठिपक्याचा किंवा छोट्या दुर्बिणीचा. त्याच्याने नेम धरायचा आणि मोठ्या नळीतून बघायचं. दोघे एकाच जागी बघत नसतील तर शनी तासभर सापडणार नाही, आणि बहुतेकांचा पहिला तास असाच जातो. म्हणून उजेड असताना खाडीपलीकडचा एखादा मोबाइल टॉवर २५ च्या आयपीसमध्ये मधोमध आणा आणि स्क्रू फिरवून फाइंडरही त्याच टोकावर आणा. मग १० चा आयपीस लावून पुन्हा तपासा. तुमची खिडकी पूर्वेची, तेव्हा हे काम दुपारी, ऊन इमारतीच्या मागे गेल्यावरच करा.